शेजारची सीट

मास्तरांनी उभा जन्म झाकण्याच्या धंद्यात काढला. ट्रकवरच्या ताडपत्र्या, दुकानांपुढचे कापडी छज्जे, स्कूटरची कव्हरं, पाण्याच्या टाक्यांचे बुरखे. एकदा तर चौकातल्या एका पुतळ्यालाही त्यांनी कव्हर शिवलं होतं. अनावरण दोन वर्षं लांबलं, अनावरण करणारे पाहुणे तीनदा बदलले, कव्हर मात्र तेच राहिलं. बाजारात त्यांना पाठीमागे 'झाकण' म्हणत आणि समोर 'मास्तर'. दोन्ही नावं त्यांच्या कानावर होती आणि दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान होता. बत्तीस वर्षांत आपल्या शिवणीतून पाण्याचा थेंब आत गेला नाही, हे ते नव्या गिऱ्हाइकाला नाव विचारायच्या आधी सांगत.

अशा माणसाच्या दारात उघडी गाडी येऊन उभी राहिली. परक्याने आणली असती तर मास्तरांनी हसून सोडून दिलं असतं. पण ती आणली होती त्यांच्या बायकोने.

बायको सरकारी इस्पितळात नर्स. गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणत, चारचौघांत मास्तरही सिस्टरच म्हणत. चौतीस वर्षं तिने सकाळी सातची पाळी सांभाळली होती आणि आता महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती. निवृत्त झालेल्या बायका काय काय करतात याचे मास्तरांचे काही अंदाज होते. गुडघे दाखवून येतात, लेकीकडे जाऊन राहतात, स्वयंपाकघरातल्या बरण्या नव्याने लावतात. गाडी त्या यादीत नव्हती.

गाडी दोन सीटांची. मागे सीट म्हणून काही नाहीच. डिकीत एक फुगलेली पिशवी मावायची, दुसरी आणलीत तर ती मांडीवर. बसायचं इतकं खाली की दार उघडून हात सोडला तर बोटं रस्त्याला लागावीत. रंग इस्पितळातल्या पडद्यांचा, तोच तो फिकट हिरवा. चौतीस वर्षं बघूनही बाईचं मन त्या रंगावरून उडालं नव्हतं, हे एक नवलच. छताच्या जागी लोखंडी कमानींवर जुन्या कापडाच्या चिंध्या लोंबत होत्या. आधीचा मालक दातांचा डॉक्टर. त्याला जुळी झाली, आणि दोन सीटांवर चौघांना बसवायची युक्ती दंतवैद्यकात शिकवत नसल्यामुळे गाडी इस्पितळामागच्या गॅरेजात विकायला उभी राहिली. आठ महिने सिस्टर बसस्टॉपवरून येताजाता तिच्या शेजारून गेली. नवव्या महिन्यात तिने गॅरेजवाल्याला किंमत विचारली आणि ऐकून तिला धक्काच बसला, कारण ती परवडणारी होती.

गल्लीला मात्र ते काही केल्या पटेना. छत उघडणारी गाडी म्हणजे श्रीमंतांचं काम, अशी सगळ्यांची ठाम समजूत. शेजारच्यांनी नुकतीच घेतलेली चार दारांची गाडी हिच्या दुप्पट किमतीची होती, पण ती 'गरजेची' असल्यामुळे तिच्याकडे कोणी मान वळवून पाहिलं नव्हतं. इकडे मास्तरांची गिऱ्हाइकं अचानक जास्त घासाघीस करू लागली. आता तुम्हाला काय कमी आहे मास्तर, असं म्हणत एकाने तर सरळ दहा टक्के कापले. गाडीच्या नावावर मास्तरांनी मांडलेला तो पहिला तोटा.

मग परगावाहून लेकीचा फोन आला. आधी तिने वडिलांना हळूच विचारलं की आईची तब्येत बरी आहे ना. मग आईला विचारलं की आम्ही चौघं आलो की स्टेशनवरून आम्हाला आणणार कशात. टेम्पोत, नेहमीसारखं, असं सिस्टरने सांगितलं. दुकानाचा टेम्पो होताच. वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी तोच चालवत तिने गिऱ्हाइकांकडे माल पोचवला होता, आणि ती मास्तरांपेक्षा बरी चालवते हे मास्तर सोडून सगळे कबूल करत. लेकीचं समाधान झालं नाही.

"अगं पण आई, हिची गरज काय होती?"

"गरज नव्हती, म्हणून तर घेतली," सिस्टर म्हणाली. "गरजेचं सगळं करून झालं माझं."

लेकीने लगेच नवऱ्याच्या खोकल्याचा विषय काढला.

मास्तरांचं बिनसलं ते त्याच्याही आधी, पहिल्याच संध्याकाळी. गाडी नुकती दारात आली होती. गल्लीतली सात-आठ माणसं भोवती जमली होती, आणि सिस्टर सहज म्हणाली, चला, एक फेरी मारून येऊ. एवढ्या लोकांदेखत, उघड्यावर, बायकोच्या शेजारी, गुडघे छातीशी घेऊन बसलेलं आपलं चित्र मास्तरांच्या डोळ्यांपुढे आलं. ते मोठ्याने म्हणाले, "मी नाही बसणार असल्या डबीत." लोक हसले. मास्तरांना बरं वाटलं. सिस्टर "बरं" म्हणाली आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शाळेतल्या बाईंना घेऊन गेली.

ते 'बरं' मास्तरांनी तेव्हा नीट ऐकलं नाही. वॉर्डात एखादा पेशंट गोळी नको म्हणाला तर सिस्टर दहा मिनिटांनी पुन्हा जायची, वीस मिनिटांनी पुन्हा. नवऱ्याला मात्र ती कुठलीही गोष्ट एकदाच विचारायची. लग्नापासूनचा नेम होता तो.

पाच सीटांच्या गाडीचं बरं असतं. कोण बसणार हा प्रश्नच तिथे येत नाही. घरातले सगळे आपोआप कोंबले जातात, ज्याचं कोणाशी पटत नाही तोही मधल्या जागेवर चेपून बसतो. दोन सीटांच्या गाडीत एक चालवणाऱ्याची. दुसरीसाठी दर वेळी कोणाला तरी विचारावं लागतं, आणि ज्याला विचारलं तो माणूस आधी केस सारखे करतो. नऊ दिवसांत त्या सीटवर पाच जण बसून गेले. शाळेतल्या बाई, त्याही दोनदा. दुकानात मशीनवर बसणाऱ्या काकू. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची आई. इस्पितळाचा लिफ्टमन. आणि कहर म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ, ज्याच्याशी मास्तर दोन वर्षं फक्त 'हं' एवढंच बोलत होते. मास्तर मान वर न करता मोजत होते. आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. उतरलेला माणूस दार लावून लगेच चालू पडत नसे. हात दारावर ठेवून तो थोडा वेळ तिथेच उभा राही.

काकू बारा वर्षं दुकानात होत्या आणि मास्तरांना भीत नव्हत्या. त्यांनी सविस्तर वर्णन केलं. चाळीसनेच गेलो, पण ऐंशीचा थाट वाटतो. सगळे वास येतात, आधी बेकरीचा, मग लाकडाच्या वखारीचा, मग कोणाच्या तरी धुतलेल्या कपड्यांचा. झाडाखालून जाताना अंगावरून सावली गेलेली कळते. आणि सिस्टर काय बोलतात हो, थांबतच नाहीत.

मास्तरांचा हात थांबला. घरी सिस्टर पाळीवरून आली की चपला काढायची, पाय पाण्यात सोडायची आणि डोळे मिटून बसायची. बोलणं म्हणजे दूध आलं का, बिल भरलं का. याला मास्तर इतकी वर्षं तिचा स्वभाव समजत आले होते.

"काय बोलते?" त्यांनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"ते बसाल तेव्हा कळेल," काकू म्हणाल्या, आणि पायाने मशीन सुरू केलं.

त्या दिवसापासून मास्तरांना ती सीट हवीशी झाली. पण स्वतःहून मागायची म्हणजे सात-आठ माणसांदेखत बोललेला शब्द गिळायचा, आणि सिस्टर पुन्हा विचारणार नाही हे तर पक्कंच. अशा कात्रीत ते असताना सिस्टरनेच वाट करून दिली, निदान त्यांना तसं वाटलं. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की कंपनीचं छत बाहेरून मागवावं लागेल आणि त्याला गाडीच्या जवळजवळ अर्धी किंमत पडेल. घरात ताडपत्रीवाला असताना मी कशाला मागवू, असं सिस्टर जेवताना म्हणाली. तिला ते एक तारखेच्या आत हवं होतं. एकतीस तारखेला तिची शेवटची पाळी. एक तारखेला सकाळी सात वाजता, ज्या वेळेला ती इतकी वर्षं इस्पितळाच्या फाटकातून आत शिरत आली, त्या वेळेला तिला गाडीतून त्या फाटकावरून सरळ पुढे जायचं होतं. सांगताना ती हसली नाही, म्हणजे ही गंमत नव्हती.

मास्तरांनी काम घेतलं आणि मनातल्या मनात हिशेब जुळवला. छत झालं की गाडी गाडीसारखी दिसेल. आतला माणूस कोणाला दिसणार नाही. मग 'आता छत झालं, आता बसायला हरकत नाही' असं म्हणून शब्दही राहील आणि सीटही मिळेल.

कमानी उभ्या करून त्यांनी माप घेतलं, ट्रकचं घेतात तसंच. ट्रकचंच जाड मेणकापड काढलं. प्रत्येक कमानीला ते आवळून दुहेरी शिवण मारली, कोपऱ्यांत चामड्याच्या पट्ट्या घातल्या, मागच्या प्लास्टिकच्या खिडकीला चौफेर टाके भरले. मध्ये एकदा काकूंनी विचारलं की हे दुमडणार कुठे. आधी पाणी तर अडू दे, असं म्हणून मास्तरांनी त्यांना गप्प केलं. सहाव्या दिवशी गाडीत वर्तमानपत्र अंथरून त्यांनी छतावर बारा बादल्या ओतल्या. वर्तमानपत्र इतकं कोरडं राहिलं की मास्तरांनी ते नंतर वाचलं.

सिस्टर पाळीवरून आली. पट्टी नीट बसली आहे का बघावं तसा तिने शिवणीवरून अंगठा फिरवला.

"छान झालंय," ती म्हणाली. "आता उघडा."

बत्तीस वर्षांत असं मास्तरांना कोणी सांगितलं नव्हतं.

सिस्टरने पुढचे दोन आकडे सोडवले आणि छत वर ढकललं. ते वीतभर उचललं गेलं आणि हट्टी पोरासारखं तिथेच अडलं. मास्तरांनी जोर लावला तशी कमान कुरकुरली. गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं की आणखी जोर लावाल तर कमान मोडेल, आणि ही कमान आता कुठे मिळत नाही. मग तो सरळ झाला आणि बोलून गेला, "मास्तर, तुम्ही तर झाकण करून ठेवलंत." बोलल्यावर त्याने जीभ चावली, पण तोवर काकू हसून मोकळ्या झाल्या होत्या.

सिस्टर चिडली नाही, तिथेच तर खरी पंचाईत होती. राहू दे, काढून ठेवा, मी एक तारखेला छताशिवायच नेते, असं म्हणून ती जिना चढू लागली. चौथ्या पायरीवर थांबून म्हणाली, "मेट्रन येतायत माझ्याबरोबर. सांगून ठेवलंय त्यांना." या मेट्रन म्हणजे सिस्टरच्या जुन्या वरिष्ठ, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या.

"बरं," मास्तर म्हणाले. दुसरं म्हणणार काय.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात काम न करता बसून राहिले. प्रत्येक माप तीनदा घेणारा माणूस, आणि हे छत खाली कसं जातं ते एकदाही बघायला मागितलं नाही. कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं? हा जमाखर्च त्यांनी स्वतःपुढेही पुरता मांडला नाही. समोर औषधाच्या दुकानाशी एक तरुण बाप तान्ह्या मुलीला ढकलगाडीत घेऊन उभा होता. मुलीच्या डोळ्यांवर ऊन आलं तसं त्याने गाडीचं छोटं छत एका बोटाने पुढे ओढलं. ऊन गेलं, एका बोटाने मागे सारलं. मास्तर उठले, रस्ता ओलांडून गेले आणि काही न विचारता ते छत उघडू-मिटू लागले. बापाला काय करावं कळेना. मुलगी मात्र दर वेळी मास्तरांचं तोंड दिसेनासं होऊन पुन्हा दिसलं की खदखदून हसायची. सहाव्या वेळेपर्यंत मास्तरांच्या लक्षात आलं. कापड दोन टोकांच्या काड्यांनाच शिवलेलं होतं. मधल्या काडीला ते नुसतं टेकलं होतं, धरलेलं नव्हतं. तिथे ढिलं होतं म्हणूनच ते चालत होतं.

परत येऊन त्यांनी कात्री घेतली. एवढं चांगलं झालंय, कशाला कापता, असं काकू कळवळून म्हणाल्या. आपलीच शिवण उसवायची मास्तरांची ही पहिलीच वेळ. ट्रकवाल्यांनी दहा-दहा वर्षांनीही परत न आणलेले ते टाके किती चिवट असतात, हे त्यांना स्वतःच्या नखांवरून कळलं.

नवीन छत पातळ रबरी कापडाचं केलं. मधली कमान मोकळी सोडली. मागची खिडकी चेनवर घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आकडे सोडवून छत मागे ढकललं आणि उंट बसतो तसं ते टप्प्याटप्प्याने, थोडं कुरकुरत, पाठीमागे जाऊन बसलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी छत पुन्हा उभं करून बादल्या आणल्या. पाच बादल्यांपर्यंत सगळं ठीक. सहाव्या बादलीला शेजारच्या सीटच्या कोपऱ्यात कापडाला एक टपोरा थेंब धरला, लोंबला आणि सीटवर पडला.

दुमडायला कापडाला जिथे सैलपणा लागत होता, तिथूनच पाणी वाट काढत होतं. मास्तरांनी एक जादा शिवण घालून पाहिली. थेंब बंद झाला, आणि छत शेवटची चार बोटं खाली जाईना. शिवण काढली. छत पूर्ण खाली गेलं, थेंब परत आला. संध्याकाळपर्यंत ते हेच करत राहिले. मग त्यांनी शिवण काढलेलीच ठेवली, कात्री खिळ्याला अडकवली आणि दुकानाच्या पायरीवर वाट बघत बसले.

त्या दिवशी एकतीस तारीख होती. सिस्टर दोन गुच्छ आणि कोणी तरी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आली. चौतीस वर्षांच्या मानाने सामान हातात मावण्याएवढंच होतं. मास्तरांनी ते तिच्या हातून घेतलं, मग छत उघडून दाखवलं, मिटून दाखवलं, पुन्हा उघडून दाखवलं.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "गळतंय. शेजारच्या सीटवर, कोपऱ्यात. बंद करता येतं मला. पण मग पुरतं उघडणार नाही."

गळणारा माल, गळतो असं सांगून, त्यांनी आयुष्यात प्रथमच कोणाच्या हाती दिला होता. सिस्टरने छत उभं करायला सांगितलं, ओल्याच कापडावर आणखी एक तांब्या ओतायला लावला आणि स्वतः आत बसून त्या कोपऱ्याखाली तळवा धरला. थेंब पडायला बराच वेळ लागला. पडला तेव्हा तिने तो बोटांनी चोळला.

"मेट्रनना दम्याचा त्रास आहे," ती म्हणाली. "ठिबकणाऱ्या जागी त्यांना कसं बसवणार?"

मास्तर प्रामाणिक माणूस. त्यांनी सांगितलं की उद्या आभाळ निरभ्र आहे, आणि छत उघडंच असणार, तेव्हा मेट्रनना काही बाधणार नाही.

नाडी सापडत नसलेल्या पेशंटकडे बघावं तसं सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, तुम्हाला बसायचंय की नाही?"

ती हे दुसऱ्यांदा विचारत होती. तिचा नेम मोडला होता, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

"बसायचंय," मास्तर म्हणाले. औषधवाला दारात उभा राहून ऐकत होता. ऐकू दे.

मेट्रनना फोन करताना सिस्टर रात्रभरात त्यांना कुठे दिसली नाही. मास्तरांनीही तो विषय काढला नाही.

सकाळी पावणेसातला छत खाली होतं. मास्तर आत शिरले ते आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेले मास्तर, या क्रमाने. गल्लीत चार माणसं होती. त्यांनी बघितलं, आणि त्यात बघण्यासारखं काही न सापडून ती आपल्या कामाला लागली. एवढ्याचसाठी आपण इतके दिवस घालवले, हे मास्तरांना जरा लागलं.

फाटकापाशी सिस्टरने गाडी हळू केली. आतल्या वॉचमनने सवयीने फाटक उघडायला हात घातला आणि तो तसाच राहिला. सिस्टरने त्याला मान लववली, आणि गाडी पुढे गेली. पुढे वखार आली, वास आला. मग ती बोलू लागली. कुठल्या तरी पाळीला बंद पडलेल्या लिफ्टबद्दल, मग नऊ नंबरच्या खाटेवर सत्तर दिवस राहून चालत घरी गेलेल्या एका सुताराबद्दल, मग आपल्याला पहिल्यापासून वॉर्डातली ट्यूबलाइट कशी नकोशी व्हायची त्याबद्दल. अर्धं वाऱ्यावर जात होतं. मास्तर "काय?" म्हणत होते आणि ती न कंटाळता पुन्हा सांगत होती. वॉर्डात सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगायची सवय, दुसरं काय. ती सवय आपल्या वाट्याला कधी आली नव्हती, हे मास्तरांना चालत्या गाडीत उमगलं.

मोठ्या चौकात लाल दिवा लागला. शेजारी एक स्कूटरवाला येऊन थांबला. आधी त्याने गाडी बघितली, मग सिस्टरला, मग मास्तरांना. लिटरला किती जाते, ते विचारून झालं. मग तो म्हणाला, "चांगली आहे हो. पण पावसात काय करता?"

रबरी कापड, मोकळी कमान, चेनवरची खिडकी, सगळं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. सिस्टर समोरच्या दिव्याकडे बघत होती, हात गिअरवर.

"भिजतो," मास्तर म्हणाले.

स्कूटरवाल्याने मान डोलावली, जणू त्यानेही हा विचार कधीचाच करून ठेवला होता. दिवा हिरवा झाला. सिस्टरने विचारलं की नऊला दुकान उघडायचं असेल ना, मग इथूनच वळवून घेऊ का.

"सरळ घे," मास्तर म्हणाले. "किल्ल्या काकूंकडे दिल्यात कालच."